शुक्रवारची खेप

थंडर बेच्या डायलिसिस वॉर्डात
काल रात्रीच्या भागाचा निकाल
सकाळी सातलाच लागतो.

ऑर्व्हिल म्हणतो, फसवलं.
एकशे सत्तर वर्षांचा पिशाच्च
आणि पोरीच्या दारात उभा राहून रडतो?
माझी बायको गेली त्या पहाटे
मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो.

पिर्कोला रडणं चालतं. कोट नाही चालत.
दीड शतकात एक बटण तुटू नये?
चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेली बाई आहे ती,
तिला कोण समजावणार.

शेवट सांगू नका, मी अजून बघितला नाही,
नर्स टॅम्सिन सुई टोचता टोचता विनवते.
शेवट तिला तिघांनी सांगितला,
तीन वेगवेगळे.

नळ्यांमधून आमचं रक्त
जरा फिरून येतं आणि परत घरी शिरतं.
त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

मग डॅरिल, जो कधीच बोलत नाही:
मला तो भुकेला नाही वाटला.
दमलेला वाटला.
दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी उंबऱ्यापाशी जायचं
आणि विचारायचं, आत येऊ का.

यंत्रं गुरगुरत राहिली.
ऑर्व्हिलने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.
तरीपण, रडायला नको होतं त्याने.

पुढच्या गुरुवारी हॉकी आहे,
म्हणजे पुढचा भाग त्याच्या पुढच्या गुरुवारी.
पिर्को मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजते:
मध्ये पाच खेपा.
बोटं पुरतात.