मूल क्रमांक सतरा

पारडीच्या नाक्यापासून आत, तिसऱ्या गल्लीत
पत्र्याखाली त्रेचाळीस मुलं होती.
मी प्रत्येकाला एक आकडा दिला,
नाव लिहायचं नाही, असा नैतिकता समितीचा नियम.
सतराव्या आकड्याच्या एकाच पायात पैंजण होतं.

मी सतरंजीवर दहा बटणं मांडली.
किती आहेत गं?
तिनं बटणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग बंद पडलेल्या कूलरकडे, बराच वेळ,
आणि म्हणाली,
गंज.

गंज म्हणजे पुष्कळ.
गंज म्हणजे भाताचं पातेलंसुद्धा.
आमच्या धरमपेठेत दोन्हीला वेगळे शब्द होते
आणि आई तेच वापरायला लावायची.
तक्त्यात रकाने दोन. बरोबर, चूक.
मी शून्य मांडला
आणि अठराव्याला हाक मारली.

लेखात नागपूर नाही.
मध्य भारतातलं एक शहर आहे.
सेहेचाळीस अंशांचं ऊन नाही,
'परिसरातील काही मर्यादा' आहेत, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.
वनमालाताई उके नाहीत,
ज्यांनी रडणारं एकेक पोर मांडीवर घेऊन
माझ्यासमोर बसवलं.
पहिल्या परीक्षकाला लेख आवडला.
दुसऱ्यानं सात महिन्यांनी कळवलं:
सेविकेच्या उपस्थितीचा उत्तरांवर परिणाम झाला असावा.
झाला होता. मुलं बोलली होती.
आणि क्रमांक सतरा:
हे चूक आहे की निरुत्तर? कृपया स्पष्ट करावे.

मी तीन रात्री स्पष्ट करत बसले.
चौथ्या रात्री वगळलं.

स्वीकृतीची मेल आली
तेव्हा मी रविनगर चौकात लाल दिव्याला उभी होते.
खाली छपाईचं शुल्क, डॉलरमध्ये.
दिवा हिरवा होईपर्यंत मी हिशोब केला:
वनमालाताईंचं सव्वा वर्षाचं मानधन.
मागच्या ऑटोनं हॉर्न दिला.

प्रत घेऊन गेले, तर ताई डाळ धूत होत्या.
हात पुसून त्यांनी पानं उलटली,
आलेखापाशी थांबल्या.
"हे वर चढून राह्यलं ते काय व्हय, मॅडम?"
सरासरी.
"कोणाची पोरगी?"
मी हसले. त्या हसल्या नाहीत,
त्यांना खरंच वाटलं असावं
की इतकं चांगलं करणारं कोणीतरी
आपल्याच पोट्ट्यांतलं असेल.
"अन् ते गंजवाली कुठी हाय?"
मी बोट ठेवलं. तळटीप चार.
अक्षर इतकं बारीक की ताईंना चष्मा आणावा लागला,
आणि चष्मा आणूनही ते इंग्रजीतच होतं.

मग ती स्वतःच आली,
धाकट्या भावाला घरी न्यायला.
आता दुसरीत. दोन्ही पायांत काही नाही.
पर्समध्ये बटणांची डबी अजून होती.
सतरंजी तीच, कोपऱ्यात जळालेली.
मी बटणं ओतली. किती?
तिनं बोट लावलं नाही. नुसतं पाहिलं.
नऊ.

नीट मोज, मी म्हणाले,
या दोन वर्षांत मी स्वतः
एकदाही मोजली नव्हती.

नऊच होती.

दहावं कुठं पडलं, कोणाच्या घरी,
कोणत्या अंगणवाडीच्या फरशीवर,
त्यानंतरच्या किती मुलांनी बरोबर सांगितलं
आणि मी चूक लिहिलं,
हे शोधायला कागद काढावे लागतील.
अजून काढलेले नाहीत.

ती भावाची चप्पल शोधत होती.
आतून वनमालाताई म्हणाल्या,
मॅडम, तेवढा गंज धरा इकडून.
मी ओढणी दुमडून धरला.
जड होता. त्रेचाळिसांची खिचडी.