अर्धा मिलिमीटर

कॉलेज रोडच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर गुजराथींनी एक रंगीत नकाशा पुढे सरकवला.
माझ्याच डोळ्याचा. मध्ये तांबडा, कडेला निळा.
लेझर नाही चालणार, म्हणाल्या.
लेझर तासतं. तुमचं पारपटल मुळातच पातळ,
त्यात नंबर उणे बारा.
तासून तासून उरेल काय?

घरी येऊन सांगितलं तेव्हा
दादांनी हातोडी खाली ठेवली नाही.
पातळ पत्र्यावर ठोका देत नाहीत, म्हणाले,
एवढं तर मलाही कळतं. फाटतो.
तळाला आतून दुसरा लावतात.
दादा, तेच. भिंग आत बसवतात, बुबुळाच्या मागे.
तेव्हा हातोडी थांबली.
तांबट आळीत त्या दुपारी तेवढा एकच आवाज होता.

मी ओझरच्या पॅकहाउसात द्राक्षाचे मणी मोजते.
हातात प्लॅस्टिकची कडी : सोळा, अठरा.
मणी अडकला तर युरोप, निसटला तर इथलाच बाजार.
शीतगृहातून बाहेर आलं की काचांवर धुकं
आणि धुक्यात ट्रक, सुपरवायझर, स्वतःचे हात,
सगळं एकाच साइजचं.
आता माझी मोजणी.
बाहुली केवढी, तिच्यामागे खोली किती,
या कडेपासून त्या कडेपर्यंत किती मिलिमीटर.
माझ्या मापाचं भिंग परदेशातून यायचं होतं,
द्राक्षं जातात त्याच वाटेने उलटं,
लेबल लावून.

पतपेढीतल्या माणसाने विचारलं, कारण काय लिहू?
छापील रकाने होते : गाय, ट्रॅक्टर, लग्न.
त्याने 'इतर'वर खूण केली.

बुधवारी उजवा, शुक्रवारी डावा.
सुई नाही, नुसते थेंब.
तोंडावर हिरवं कापड, कापडाला भोक, भोकात तीन दिवे.
आता थोडा दाब जाणवेल.
जाणवला. घडी घातलेलं काहीतरी आत शिरलं
आणि आपलं आपण उलगडलं,
उशिरा आलेल्या पाहुण्याने
कुणाला न उठवता सतरंजी अंथरावी, तसं.

नाहीच मानवलं तर काढता येतं, असं म्हणाल्या होत्या डॉक्टर.
हे वाक्य मी पतपेढीत, बसमध्ये, टेबलावर पडल्या पडल्या
सुपारीसारखं चघळत राहिले.
परत काढता येईल असं
मला आधी कुणी काही दिलं नव्हतं.

रात्री दिव्यांना कडी पडतात. तेही सांगितलेलंच.
मुद्दाम रामकुंडावर गेले.
पाण्यात सोडलेल्या द्रोणांतल्या
प्रत्येक वातीला एकेक कडं.
सवयीने मोजू लागले. सोळा, अठरा.
सगळी युरोप.

बोट अजून चष्मा सरकवायला वर जातं,
रिकाम्या नाकावर टेकून परत येतं.
दादा बघत राहिले.
तुझे डोळे एवढे होते होय?
दुसरीपासून उणे काचांमागे ते बारीकच दिसत आलेले,
त्यांना, सगळ्यांना, आरशात मलाही.

मग मी बघितलं.
हंड्याच्या काठावरचा एकेक ठोका, ओळीने,
आणि एका जागी सुटलेली ओळ.
आणि त्यांच्या डाव्या बाहुलीत
दुधात पाणी जास्त पडावं तसं काहीतरी.

कधीपासून, दादा?
ठोका कानाने बसतो, म्हणाले, आणि ठोकू लागले.
मी ऐकलं : तीन नीट, चौथा जरा बाजूला.

सोमवारी तपासणीला त्यांना बरोबर नेलं.
रिक्षात अंग चोरून, मध्ये वीतभर जागा सोडून बसले.
डॉक्टरांनी माझा डोळा पाहिला. छान, म्हणाल्या.
तुमचं भिंग आणि हे नवं, मध्ये अर्धा मिलिमीटर आहे.
एवढं हवंच. एकमेकांना टेकता कामा नये.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने पेन उघडलं.
पेशंट कोण?
दादांनी माझ्याकडे बोट केलं.
मी त्यांच्याकडे.