थांबे

जानेवारी संपला तसं बँकेच्या कॅलेंडरचं पान फाडलं.
पाठ कोरी होती. मालननं नातवाची पट्टी आणून दिली,
म्हटली, आखा आता, एवढी हौस आहे तर.

सव्वीस वर्षं कोल्हापूर–मालवण, मुक्कामाची गाडी.
पावणेआठला स्टँड सोडायचं,
रंकाळ्यावरच्या भेळगाड्यांचे दिवे आरशात बारीक होत जायचे,
राधानगरीत चहा, फोंडा उतरला की कणकवली,
मध्यरात्री मालवण.
डेपोत मागच्या सीटवर पाय दुमडून झोप,
आणि पहाटे पाचला परत तोंड घाटाकडं.
समुद्र मला वासानं माहीत आहे.
सुका बांगडा, ओला दोर, आणि तिसरं काहीतरी
ज्याला नाव शोधायला कधी उजेड झालाच नाही.

म्हणून ह्या कागदावर नुसते थांबे घेतलेत.
पोचायच्या वेळेचा रकानाच आखला नाही.

दाजीपूरच्या अलीकडचं वळण आधी.
तिथं एका रात्री गवा उभा होता,
मधोमध, पाण्याच्या टाकीएवढा,
पांढरे मोजे घातल्यागत चार पाय.
लाईट बारीक केली. हॉर्नवर हात गेला नाही.
मागं चव्वेचाळीस माणसं झोपलेली,
नेमगोंडा तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन गप्प.
त्यानं घड्याळ बघितलं, मीही बघितलं,
आणि दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही.
अकरा मिनिटं लेट. लॉगशीटवर कारण लिहिलं: टायर.
नोकरीत खोटं लिहिलं ते तेवढंच.
तिथं आता तास धरलाय.
गवा नाही आला तरी तासच.

घाटात शेकरू.
ते दिवसाचं जनावर, मी रात्रीचा ड्रायव्हर,
इतकी वर्षं एकाच रस्त्यावर असून ओळख नाही.

निवतीच्या होडीवाल्याला फोन लावला,
डॉल्फिन किती वाजता दिसतात म्हणून.
तो हसला. "डॉल्फिन काय एष्टी आसा, टायमार येवक?"
मला सांगायचं होतं की एसटीसुद्धा यायची नाही टायमाला,
पण आमच्या गाडीचं तसं नव्हतं, म्हणून फोन ठेवला.

वायंगणीला कासवांची पिल्लं.
वाळूतली टोपली उचलायची, उन्हं कलली की सोडायची.
आता नेमगोंडा येतोय म्हणतो, रुकडीहून,
गुडघ्याला पट्टा बांधून.
त्याचा पहिला प्रश्न, दिवस बुडायच्या आत जेवायचं कुठं?
मी साडेपाच लिहिलं. खोडलं. पाच लिहिलं.
डबा वाळूतच सोडू म्हटलं,
तर तो म्हणतो, आणि पिल्लं आधी निघाली तर?
कासवाला कसली घाई रे.
मोठ्या कासवाला नसते, म्हणाला. पिल्लं पळतात.

कागद भरत आला. परतीला आंबोली, आजरा.
वेंगुर्ल्याच्या पुढं एक जागा रिकामी ठेवलीय,
तिथं काय आहे मला माहीत नाही, म्हणूनच.

मालन इतका वेळ कणीक मळत होती.
ओल्या बोटानं कागदावर टेकली, मालवणच्या म पाशी,
पिठाचा ठिपका राहिला.
"हितं धरा की एक थांबा. डेपोत.
बघू दे तरी
आमचं जनावर कुठं झोपायचं."

मी हसलो, मग पेनाचं टोपण शोधत बसलो.
तिथं बघायला काही नाही गं. एक नळ आहे, एक भिंत.
पंखा होता, तो काढून नेला.
"असू दे."

किती मिनिटं लिहू, विचारलं.
तवा धुरावला होता, तिनं गॅस बारीक केला.
"मोकळं ठेवा."

गाडी जावयाची आहे, वॅगनआर.
पहाटे चारला निघायचं,
आणि तिची लाईट बारीक होते का
ते बघायचं अजून राहिलंय.