भरीव ठिपका

गोळीबार चौकातल्या तिमजली घराच्या स्लॅबवर
रात्री साडेनऊलाही पाय भाजतात.
लाईन गेलीय, म्हणून शिकवणी वर आली.
यामिनी धकाते विटेच्या तुकड्यानं
टाकीपासून कठड्यापर्यंत रेघ ओढते,
पाऊलभर अंतरावर खुणा करते,
मधल्या पाइपापाशी शून्य मांडते.

"झिरो माईलसारखं."
शाळेनं नेलं होतं. तिनं घोडे मोजले होते, चार.
मी म्हणतो, त्या दगडावर गावं आहेत, अंतरं आहेत,
पण उणे गाव एकही नाही.
आपल्याला मात्र टाकीकडंही जावं लागतं.

सात वजा दोन क्ष, उणे तीन किंवा त्याहून कमी.
सात पलीकडे गेले, उणे दोननं भागलं,
तिनं लिहिलं : क्ष पाच किंवा त्याहून लहान.
चार घालून पाहा, मी म्हणतो.
सातातून आठ. उणे एक.
उणे एक, उणे तीनहून कमी?
"नाही न बाप्पा."

मग तिच्या भावाला, चेतनला, दोनवर उभं केलं, तिला पाचवर.
दोघांची तोंडं कठड्याकडे. पुढे कोण? ती.
आता दोघंही शून्य ओलांडून तितकेच मागे.
टॉर्चच्या उजेडात उणे पाचवरून ती
उणे दोनवरच्या धाकट्याची पाठ पाहते
बराच वेळ.
पुस्तकात हा नियम चौकटीत छापलाय;
इथे तो घामाघूम उभा आहे, नाक पुसत.

क्ष पाच किंवा त्याहून मोठा.
ठिपका पोकळ की भरीव?
पाच घातले. सातातून दहा. उणे तीन. बरोब्बर काठावर.
काठावरचा आत घ्यायचा,
चिन्हाखालची आडवी रेघ तेवढ्यासाठीच असते.
ती विटेनं गोल भरते, गरजेपेक्षा जास्त घासून.
मागच्या वर्षी तिची मोठी बहीण पोलीस भरतीत
अर्ध्या सेंटिमीटरनं कमी भरली होती.
ती बोलत नाही, मी विचारत नाही.

"सर, पण उत्तर एकच काहून नाही?"
पाच, सहा, साडेसहा, सातशे, सगळी.
"मंग लिहू कोणतं? पेपरात जागा पुरन का?"
बाण काढ.
बाण कठड्यावर चढतो, तिथे वीट संपते.
पलीकडे नंदनवारांचं टीन,
त्याच्याही पलीकडे इतवारी; तिकडची लाईन आहे.

आमचीही येते. खाली कूलर घरघरतो, चेतन पळतो.
ती भरीव ठिपक्यावर अनवाणी पाय देऊन जाते.
जिन्यात तिच्या टाचेचे लाल गोल
तीन पायऱ्यांपर्यंत दिसतात,
मग पुसट.