पाऊण इंची पाइप

पहिल्यांदा आल्या तेव्हा नंदिनी रणपिसे
पायरीवरूनच म्हणाल्या,
पाऊण इंची पीव्हीसी, दहा फुटी, चार नग,
आणि टी किती लागतील ते तुम्हीच सांगा.
विचारलं, टाकी कितव्या मजल्यावर?
म्हणाल्या, टाकी नाही. कुत्र्यांना उड्या मारायच्यात.

वारज्यात बावीस वर्षं हार्डवेअर विकतोय.
पाणी सोडून दुसऱ्या कशासाठी
कुणी पाइप नेला नव्हता माझ्याकडून.
(खोटं कशाला, एकदा झेंड्यासाठी नेलेला.)

संध्याकाळी गेलो बघायला,
कालव्याच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटवर.
तीन कुत्री, चार माणसं, गाजरगवत गुडघाभर.
टायर इनामदारांच्या ट्रकचा, घासून धुतलेला.
बोगदा मांडवाच्या कापडाचा, आत रिंगा घालून शिवलेला;
त्यातून बाहेर येणारं प्रत्येक कुत्रं
लग्नाला उशीर झाल्यासारखं दिसायचं.

घरात सगळे मराठी, कुत्र्याशी मात्र इंग्रजी.
सिट. स्टे. नो म्हणजे नो, चकली!
चकली अडथळ्याखालून जायची, मग पाइप चावत बसायची.
फक्त तापकिरांचा ढवळ्या मराठीत बसायचा
आणि एकदा बसला की उठायचा नाही.
नाव बैलाचं. बैल गेला, शेतावर टॉवर आले,
नाव तेवढं शिल्लक होतं घरात.

क्लब वाढला तो मी उधारीच्या वहीत वाचला.
जूनपर्यंत अठ्ठावीस एल्बो. दिवाळीला साठ टी.
मग सी-सॉची फळी, मग पिवळा ऑइल पेंट,
कारण चढउतारावर जिथे पंजा टेकलाच पाहिजे
तेवढा भाग पिवळा असतो.
(माणसांसाठीही असा भाग रंगवून मिळाला असता तर,
हे मनात आलं, डबा उघडताना.)
बाणेरहून गाड्या यायला लागल्या,
मोटरसायकलच्या किमतीची कुत्री घेऊन.
सोसायटीचा अर्ज आला: रविवारी सात ते नऊ भुंकणे.
रणपिसेबाईंनी लेखी कळवलं,
खेळाडू भुंकत नाहीत, प्रेक्षक भुंकतात.

प्रेक्षकांत एक होता पुलाखालचा,
नसबंदीचा कान कापलेला, कुणाचाच नसलेला.
तीन रविवार कुंपणाबाहेर बसून बघत होता.
चौथ्या रविवारी आत शिरला,
बारा अडथळे, ओळीने, एकही पाइप न पाडता,
आणि समोरच्या भगदाडातून पसार. बिस्किटालाही थांबला नाही.
घड्याळ लावायचं कुणाला सुचलं नाही.
इनामदार म्हणतात सव्वीस सेकंद, बाई म्हणतात एकोणतीस.
सहा वर्षं झाली. पुण्यात असे वाद मिटवत नसतात.

दरम्यान ढवळ्या उठला होता.
कसा, कधी, ते तापकिरांनाच ठाऊक.
सोळा इंचावरून तो असा जायचा
की खालचं गवत हलायचं नाही.

मग एका थंडीत तापकीर दुकानात आले,
गिऱ्हाइकं जाईपर्यंत नळाच्या तोट्या न्याहाळत राहिले.
जरा खाली घेता येईल का, म्हणाले.
बारावर क्लिप लावून दिली.
पुढच्या वर्षी आठवर.
मग चार. चारलाही मागचा पाय लागायला लागला,
आणि पाइप पडल्याचा तो पोकळ आवाज
तापकिरांना सहन होईना.

गेल्या रविवारी मी पाइप जमिनीवरच ठेवला.
आजूबाजूला चाळीसेक कुत्री, शिट्ट्या, कुणाचा तरी थर्मास.
ढवळ्या आला. थांबला.
पाइपकडे बघितलं. तापकिरांकडे बघितलं.
मग पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र.
मी वाकून बघत होतो.
मध्ये हवा होती.

तापकीर खिशात हात घालून म्हणाले, याचे किती?
म्हटलं, याला क्लिप लागली नाही.