आठ खुंट्या

चिचटोल्याच्या बोडीखाली, धानाच्या बांधीत
सारसाने दोन अंडी घातली
म्हणून मला तिथे एकवीस रात्री झोपायचं होतं,
कुत्र्यांवर आणि पोरांवर नजर ठेवत.
तंबू सीताबर्डीवरून घेतलेला, नारिंगी, घुमटासारखा.
दोघांचा म्हणाला दुकानदार.
म्हणजे एक माणूस आणि त्याच्या चपला.

पहिल्या रात्री मऊ गवत बघून लावला.
मऊ गवत म्हणजे पाणी थांबतं ती जागा,
हे दोन वाजता पाठीला कळलं.

दुसऱ्या रात्री उंचावर, बोडीच्या पाळीवर.
खाली ताडपत्री, ऐसपैस,
चारी बाजूंनी वीतभर बाहेर,
दारापुढे अंगण असावं तशी.
हस्ताचा पाऊस अंगणात पडला
आणि अंगणातून घरात आला.

सकाळी दुधराम जाळं खांद्यावर टाकून येत होता.
वाळत घातलेली सतरंजी बघून थांबला.
हसला नाही. तंबूभोवती एक फेरी मारली,
मासा कुठल्या बाजूने निसटला असेल
ते बघावं तशी.
"पानी वरतून आलं का खालतून, पाह्यलं का बाई?
वरचं तं कोनालेबी दिसते."

मग उकिडवा बसून
ताडपत्रीच्या कडा त्याने आत दाबल्या,
बिडीचं तोंड मुडपतात तशा, चारी बाजूंनी,
एक बोटसुद्धा बाहेर राहू दिलं नाही.
माझ्या सरळ ठोकलेल्या खुंट्या उपटल्या,
तिरप्या ठोकल्या, तंबूकडे पाठ करून.
दोऱ्यांना जाळ्याची गाठ दिली, सरकणारी.
"वरचं कापड आतल्याले चिकटू देऊ नको.
भिजलं का ढिलं पडते. रात्री उठून तान."
हे त्याला कोणी शिकवलं, विचारलं.
तंबू त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

तिसऱ्या रात्री पाऊस नव्हता.
तरी मी सगळ्या चेन लावल्या, गळ्यापर्यंत.
डासांची भीती, आभाळाची, कशाकशाची.
पहाटे छताला थेंब.
उशी ओली, वही ओली,
सारसांच्या नोंदींची शाई पसरलेली.
गळतो, म्हटलं मी. फसवलं बर्डीवाल्याने.
दुधरामने हात आत घालून छताला बोट लावलं.
बाहेर कोरडं गवत दाखवलं.
"हे ढगाचं नाही," म्हणाला. "हे तुयंच हाय."

रात्रभर मी फक्त श्वास घेत होते, सोडत होते.
आणि फोनवर बरंच बोलले होते,
ते त्याला सांगितलं नाही.

तेव्हापासून दोन्ही टोकांना वीतभर उघडं,
दाराची पाठ वाऱ्याकडे.

चौदाव्या रात्री बोडी भरून सांडव्यावरून गेली.
तंबूच्या काठ्या वाकल्या, सरळ झाल्या,
पुन्हा वाकल्या.
मी मधोमध, गुडघे पोटाशी,
कुठल्याच भिंतीला न टेकता.
दोनदा बाहेर जाऊन दोऱ्या ताणल्या.
दुसऱ्यांदा बॅटरी बांधीकडे फिरवली:
पाणी घरट्याच्या कडेला लागलेलं,
आणि मादी उभी राहून, भर पावसात,
गवताची एकेक काडी उपटून
अंड्यांखाली सरकवत होती.
घाई नाही. नर बाजूला उभा.
मी बॅटरी विझवली.
सतरंजीवरून हात फिरवला. कोरडी.
पुन्हा फिरवला.

एकविसाव्या दिवशी तंबू उतरवला.
खाली पिवळा पडलेला चौकोन
आणि आठ भोकं.
पाणी आपोआप भरेल, माती बसेल, मी म्हटलं,
आणि पिशवीची चेन लावू लागले.
दुधराम मात्र बोडीतून चिखल घेऊन आला.
एकेक भोक अंगठ्याने बुजवत गेला, आठही.
"पारीत भोक ठेवत नसते, बाई.
पयले खेकडा घर करते,
मंग पानी."