पाठीचा फोटो

वडील सांगायचे, पुरुषाच्या फोटोत
मनगटावरचं घड्याळ आलं पाहिजे.
ज्याच्याकडे नसेल त्याला आपलं द्यायचं.
ड्रॉवरमध्ये एक बंद घड्याळ त्यासाठीच होतं,
कायमचं दहा वाजून आठ मिनिटं.
गावभागातल्या निम्म्या नवरदेवांची
वेळ एकच आहे.

बाकीचं अंग कोटाच्या आत.
त्याची चौकशी कुणी केली नाही.
मीही नाही, एकतीस वर्षं.

मग मार्केट यार्डात, सौदे चालले होते तेव्हा,
सिद्राम ऐवळेनं ट्रकमधून पोतं पाठीवर घेतलं
आणि मानेखालचे दोन स्नायू आधी जागे झाले,
मग खांदे, मग कमरेपर्यंतची सगळी वस्ती,
दारात पाहुणा आल्यावर
घरातले एकेक जण उठून उभे राहतात तशी.
साठ किलो राजापुरी.
घामावर तिचीच पूड बसलेली,
कण्याच्या पन्हळीत दाट,
फासळ्यांवर विरळ होत गेलेली.
मी वर्षाची हळद घ्यायला गेले होते.
न घेता परत आले.

तीन दिवस लागले विचारायला.
वाक्य पाठ करून गेले
आणि नेमका पाठ हाच शब्द घशात अडला.
"पाठीचा?" तो म्हणाला. "काढलाय की,
मागल्या साली, मिरजेला. डॉक्टरकडंच आसंल बघा."

एक्सरे नव्हे, हे समजावताना
भोवती चार हमाल जमले.
एकजण म्हणाला, माझी बघा बाई, माझी रुंद हाय.
मी हसले. कान तापले होते.

रविवारी तो आला, अंघोळ करून.
तेल लावलेले केस, पांढरा शर्ट,
आणि तरीही पिवळा. म्हणाला,
लग्नात पाच दिवसांत उतरली,
ही बावीस वर्षं उतरंना.

उत्तरेची खिडकी उघडली.
स्टुलावर पांढरी चादर टाकली.
शर्ट काढून त्यानं घडी घातली,
घडी कुठं ठेवावी ते त्याला कळेना,
मग मांडीवरच ठेवली, मूल ठेवावं तशी.
"हातांचं काय करू?"
पोतं नसलेले हात. मलाही माहीत नव्हतं.
"पोट आत घेऊ का?"
नको.
"हसू का?"
चेहरा येणार नाही, मी म्हटलं.
तरी तो हसला. खात्रीनं सांगते,
ते हसू डाव्या खांद्यापर्यंत आलं,
आकड्याच्या जुन्या खुणेशी जरा थांबलं,
आणि तेव्हाच मी बटण दाबलं.

प्रिंट पाहून तो बराच वेळ गप्प.
काळ्यापांढऱ्यात हळदीची राख झालेली,
दोन डोंगरांमधून गाडीवाट उतरावी
तसा कणा.
"हे मी न्हवं," तो म्हणाला. मग,
"किती उचलत आसंल हो हा?"
स्वतःचीच पाठ त्यानं बघितलेली नव्हती.
मीही माझी कुठं बघितलीय.

पैसे घेईना.
म्हणाला, एवढं करा, माथाडीच्या कार्डाला
आठ फोटो काढून द्या.
गळ्यापर्यंत बटणं लावली,
ताठ बसला, श्वास कोंडून,
डोळे कुणीतरी दटावल्यासारखे.
आणि मला सवय, मी म्हटलं,
हनुवटी खाली. खांदे सैल.
खांदे त्या चौकटीत येतच नव्हते.

जाताना दारात थांबून विचारलं त्यानं,
तो दुसरा फोटो लावणार का कुठं?
विचारल्याशिवाय नाही, म्हटलं.
"लावा," म्हणाला. "नाव नका लावू.
बायको म्हणंल, म्हाताऱ्याला काय सुचलं."

चादरीवर बैठकीचा पिवळा अर्धगोल उरला होता.
साबण लावला तर लालभडक झाला.
उन्हात घातला की जातो,
हे इथल्या पोरीपोरींनाही माहीत आहे.

गच्चीत ऊन भरपूर आहे.
चादर अजून बादलीत आहे.